निकोटीनचा गम, पट्टी, गोळ्या आणि क्विटलाइन : सिगारेट सोडण्याचे उपाय वापरून पाहिल्यानंतर

सतरा वर्षे मी दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढत होतो. त्या काळात चार वेळा सोडल्या आणि चारही वेळा पुन्हा सुरू केल्या. पाचव्या प्रयत्नाचा आता अकरावा आठवडा चालू आहे. या पाच खेपांत बहुतेक उपाय मी स्वतः वापरले आणि जे वापरले नाहीत ते डॉक्टरांकडून समजून घेतले. त्यातून माझे मत असे झाले आहे की यांतले मान्यताप्राप्त उपाय चांगले आहेत. पण ते कसे वापरायचे हे विकत घेताना कोणी सांगत नाही, आणि अर्धवट वापरलेला उपाय फसला की माणूस उपायालाच निरुपयोगी ठरवतो. मीही तेच केले होते.

पहिल्या दोन खेपांना मी कोणतीही मदत घेतली नाही. रक्तातील निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, आणि सोडल्यानंतरचा दुसरा-तिसरा दिवस सर्वांत कठीण जातो. चिडचिड, झोपमोड, कामात लक्ष न लागणे हे सगळे त्याच दिवसांत उसळून येते. एकदा मी चौथ्या दिवशी हरलो, एकदा एकविसाव्या. केवळ निर्धाराच्या बळावर सोडणाऱ्या शंभरांपैकी साधारण तीन ते पाच जणच वर्षभर टिकतात, हे मला पुढे समजले. ते आधी ठाऊक असते, तर मी स्वतःला इतका दोष दिला नसता.

तिसऱ्या खेपेला नागपूरच्या धरमपेठेतल्या एका औषध दुकानातून निकोटीनचा गम आणला. दोन मिलिग्रॅमचा गम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतो, चार मिलिग्रॅमच्या गमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. दुकानदाराने पाकीट पुढे केले, पैसे घेतले आणि एक शब्दही सांगितला नाही. मी तो साध्या च्युइंगमसारखा भराभर चावला. परिणामी घसा जळजळला, उचक्या लागल्या, पोटात मळमळ झाली, आणि तलफ होती तशीच राहिली. चौथ्या दिवशी उरलेली पाकिटे कचऱ्यात गेली.

चूक पूर्णपणे वापरण्याच्या पद्धतीत होती. गममधील निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवे. ते लाळेबरोबर पोटात गेले, तर त्याचा बराचसा भाग यकृतातच निकामी होतो आणि पदरी फक्त जळजळ येते. म्हणून गम सावकाश चावायचा, तिखट झिणझिणी जाणवताच थांबायचे, तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, आणि झिणझिणी ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावून जागा बदलायची. असा एक गम अर्धा तास चालतो. दुसरी गोष्ट आम्हा नागपूरकरांसाठी विशेष महत्त्वाची आहे. तोंडात आंबटपणा असेल, तर निकोटीन गालातून फारसे शोषले जात नाही. चहा, कॉफी, लिंबू सरबत, संत्र्याचा रस, लिंबू पिळलेले तर्री-पोहे यांनंतर निदान पंधरा मिनिटे गम तोंडात घालू नये, आणि गम तोंडात असताना यांपैकी काहीही घेऊ नये. मी मात्र नेमका चहाच्या घोटाबरोबर तो चावत होतो.

मात्रेचीही तीच गत. तलफ असह्य झाल्यावर दिवसातून दोन-तीन गम खाणे म्हणजे न खाण्यासारखेच आहे. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, मग तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, आणि शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी, असा बारा आठवड्यांचा हिशेब असतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला दोन मिलिग्रॅमची मात्रा बहुधा कमी पडते. अशा माणसाने दुकानाआधी डॉक्टर गाठावा.

पट्टीचा अनुभव चौथ्या खेपेचा. ती दिवसातून एकदा कातडीवर चिकटवायची आणि निकोटीन हळूहळू झिरपू द्यायचे. पार्श्वभूमीची अस्वस्थता ती छान आवरते, पण पानठेल्यासमोर अचानक उसळणारी तलफ तिला आवरत नाही. शिवाय मी सुरुवात मे महिन्यात केली, हा माझा चुकलेला निर्णय. आपल्याकडच्या उन्हात घामाने पट्टी सुटते, आणि कातडी तापली की निकोटीन अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने शोषले जाते. हिवाळ्यात सुरू करणाऱ्याला ही अडचण येणार नाही. पट्टी आणि जोडीला गम, हा मेळ एकट्या पट्टीपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा अधिक परिणामकारक ठरलेला आहे, आणि या वेळी डॉक्टरांनी मला तोच दिला.

गोळ्या मी घेतलेल्या नाहीत. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही दोन औषधे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत. व्हॅरेनिक्लिन मेंदूतील निकोटीनच्याच जागा अर्धवट व्यापते, त्यामुळे तलफ घटते आणि झुरक्यातील सुखही घटते. ते साधारणपणे सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात. ज्यांना फेफऱ्याचा त्रास आहे, त्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही. दोन्ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

आता क्विटलाइनविषयी, म्हणजे तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना फोनवरून समुपदेशन देणाऱ्या सेवेविषयी, कारण माझ्या मते या पाचव्या खेपेचा निम्मा भार तिने उचलला. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून २०१६ मध्ये सुरू झाला. पुढे मुंबईचे टाटा मेमोरियल, बंगळुरूचे निम्हान्स आणि गुवाहाटीचे कर्करोग केंद्र या कामात सामील झाले. फोन निःशुल्क आहे. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. तरी मला तो कित्येक वर्षे दिसलाच नाही, कारण मी पाकीट कधी घेतच नव्हतो. पानठेल्यावरून एक-एक सुटी सिगारेट घेत होतो. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर २०२० मध्ये बंदी आली, ती मला या कारणासाठीही योग्य वाटते. जो सुटी घेतो, त्याच्यापर्यंत ना इशाऱ्याचे चित्र पोहोचते ना मदतीचा क्रमांक.

क्विटलाइनवरच्या समुपदेशक ताईंनी उपदेश केला नाही. त्यांनी दिवसातल्या प्रत्येक सिगारेटची वेळ आणि प्रसंग वहीत लिहायला सांगितले, आणि मग मलाच एक तारीख ठरवायला लावली. वहीतून दिसले की सर्वांत अवघड सिगारेट सकाळच्या तर्री-पोह्यांनंतरच्या चहाबरोबरची होती, आणि दुसरी सीताबर्डीतून कार्यालय सुटल्यावरची. त्या ठेल्यावरचे भाऊ मला दुरून पाहताच न मागता सिगारेट काढून ठेवत, इतकी ओळख. मी रस्ता बदलला, पोहे घरी खाऊ लागलो. ठरल्या तारखेनंतर ताईंचे फोन येत राहिले, आणि उद्या कोणीतरी विचारणार आहे या जाणिवेने दोन संध्याकाळी तरी मला वाचवले.

चहाबाबत डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिनचा निचरा वेगाने करते. धूर थांबला की तोच चार कप चहा अधिक चढतो, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणसाला वाटते की हे सिगारेट सोडल्याचे दुष्परिणाम. मी चहा निम्म्यावर आणला आणि तिसऱ्या रात्री झोप लागली.

ई-सिगारेटचा पर्याय काही मित्रांनी सुचवला होता. तिची विक्री देशात २०१९ पासून बेकायदा आहे, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता तिथेच संपला. वनौषधींच्या नावाने मिळणाऱ्या सिगारेटींतही धूर, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतेच. सिगारेटऐवजी खर्रा धरणाऱ्यांना तर मी हात जोडून विनंती करीन : त्यात तंबाखूही आहे आणि सुपारीही, आणि तोंडाचा कर्करोग दोन्हींमुळे होतो.

सध्या मी दिवसाला चार गमवर आहे. पट्टी मागच्याच आठवड्यात थांबवली, आणि क्विटलाइनचा पुढचा फोन येत्या गुरुवारी अपेक्षित आहे.