थायरॉइडची गोळी चालू असताना कॅल्शियम: कोणतं आणि कधी?

लिव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी, थोडक्यात थायरॉक्सिन) पोटात असताना कॅल्शियम आलं, तर ते त्याला चिकटतं आणि गोळीचा काही भाग शोषला न जाता शौचावाटे बाहेर पडतो. टीएसएच (थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की रक्तात चढणारा आकडा) वाढतो, मग डोस वाढवला जातो. खरं तर बदलायला हवी असते वेळ.

कॅल्शियम दोन प्रकारांत मिळतं: कार्बोनेट आणि सायट्रेट. कार्बोनेट स्वस्त. त्यात ४० टक्के कॅल्शियम, म्हणजे १२५० मिग्रॅच्या गोळीत ५००. मात्र विरघळायला आम्ल लागतं, म्हणून जेवणाबरोबरच घ्यायचं. सायट्रेटमध्ये २१ टक्केच, त्यामुळे गोळ्याही जास्त आणि खर्चही. पण ते उपाशीपोटी चालतं आणि पोट कमी अडतं. अ‍ॅसिडिटीसाठी पँटोप्राझोल रोज चालू असेल तर सायट्रेट बरं. पाकिटावर ‘एलिमेंटल कॅल्शियम’ची (प्रत्यक्ष कॅल्शियम किती, याची) ओळ शोधा, मोठ्या अक्षरांतला आकडा अनेकदा क्षाराच्या वजनाचा असतो. एका वेळी ५०० मिग्रॅच्या वर घेऊन फायदा नाही, जादाचं नीट शोषलं जात नाही.

सायट्रेट घेतलं म्हणून वेळ पाळायला नको, असा समज असतो. तो चूक आहे. दोन्ही थायरॉक्सिनला अडवतात. अंतर ४ तासांचं. लोहाच्या गोळीलाही तेच.

आता वेळापत्रक. पहिला पर्याय: सकाळी ६ ला अनशेपोटी साध्या पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी, ७ ला चहा-नाश्ता, दुपारी १ ला जेवताना कॅल्शियम. लोह असेल तर संध्याकाळी ५ ला. सोबत चहा नको, लिंबूपाणी चालेल. दुसरा: रात्री जेवणानंतर किमान ३ तासांनी थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम सकाळच्या नाश्त्याबरोबर. साडेसातला जेवणाऱ्या घरात हा छान बसतो. साडेनऊला ताट वाढलं जात असेल तर गोळीसाठी साडेबारापर्यंत जागावं लागेल, आणि तसं रोज कोण जागतं? बहुतेकांना पहिलाच झेपतो. हाडांसाठी आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांना मात्र दुसरा सोयीचा, कारण तीही गोळी सकाळी उपाशीपोटीच लागते. त्या दिवशी कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावं.

वेळ बदलली की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासा. त्याआधीचा आकडा फसवतो, थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. डोस स्वतः हलवू नका.

मध्येच सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, तर ते कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड असेल तर वेळ पाळूनही भागत नाही: ही औषधं मूत्रपिंडातून कॅल्शियम बाहेर जाऊ देत नाहीत आणि रक्तातलं प्रमाण चढू शकतं. कॅल्शियम सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.