माझ्या गट नंबरवर दुसऱ्यानेच उचललं अतिवृष्टीचं अनुदान

अनुदानाचा मेसेज आला म्हणून गप्प बसू नका. किती क्षेत्राचं आलं, ते आधी बघा.

सप्टेंबर २०२५ च्या पावसात माझं १.६० हेक्टर सोयाबीन पाण्याखाली सडलं. जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे १३,६०० यायला हवे होते. आले ३,४००. बाकीचं १.२० हेक्टर माझ्याच गट नंबरवर भलत्याच माणसाच्या नावे लावलंय आणि त्याचे १०,२०० त्याने उचलले. आमच्या शिवारात त्याची गुंठाभर जमीन नाही. 'यादीचं काम करून देतो' म्हणत माझ्याकडून १,५०० रुपये नेणाऱ्या गावातल्या एजंटाचा तो मेहुणा. शेतात कमरेएवढं पाणी असताना पैसे मागितले तर माणूस देतोच, मला कुणी शहाणपण शिकवू नये.

सातबाऱ्यावर सामायिक खातं, त्यामुळे फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) अडकलेला, म्हणून केंद्रावर जाऊन केवायसी, म्हणजे अंगठा देऊन ओळख पटवणं, करावी लागली. सगळं तिथेच समोर होतं. व्हीके नंबर, म्हणजे यादीतला आपला विशिष्ट क्रमांक, टाकला की नाव, गट, बाधित क्षेत्र, रक्कम स्क्रीनवर येते. केंद्रवाला म्हणाला, "काका, सर्व्हर आत्ताच आलाय, पटकन अंगठा ठेवा," आणि त्याने पान खाली सरकवलं. मागे पायऱ्यांपर्यंत रांग. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक माझ्यादेखत १.६० लिहून गेले होते, तिथे ०.४० असेल असं कुणाच्या मनात येईल? पावतीवर स्वच्छ ०.४० छापलंय. आजही ती हातात घेतली की डोकं फिरतं. क्षेत्र वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका, रांग ओरडली तर ओरडू द्या.

तलाठी म्हणतात, यादी तहसीलने चढवली. तहसीलचा कारकून म्हणतो, तलाठ्याने दिली तशी चढवली. बँक म्हणते, पैसे आधारवर आले, आम्हाला काय माहीत. कृषीवाले महसूलकडे बोट दाखवतात. अर्जाची पोच मागितली की साहेब मीटिंगला! यादी मागितली तर म्हणे गोपनीय. अहो, खाते नंबर कोण मागतंय? नाव, गट, क्षेत्र, रक्कम, एवढंच चावडीवर लावा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कुणी न मागता जाहीर करायला सांगतं. जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगीला बोगस नावांवर कोट्यवधींचं अनुदान उचललं गेलं, तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. तरी यादी दडवायची ती दडवायचीच.

पंचनामा झाला की त्या कागदाचा तिथेच फोटो काढा. एजंटाला रुपया देऊ नका.

मी १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अर्ज टाकला. ३० दिवस उलटले, उत्तर नाही, म्हणून प्रथम अपील केलंय. आपल्या गावात आणखी कुणाचं क्षेत्र कापलं असेल तर सातबारा आणि केवायसीची पावती घेऊन या. पुढचा अर्ज सगळ्यांच्या सहीने जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊ.