दहावी-बारावीनंतर दिव्यांग मुलांना कुठे घालायचं: कॉलेज, आयटीआय की उद्योगकेंद्र?

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. बारावीनंतर त्याने एक वर्ष बीकॉम केलं आणि मग ते सोडून आयटीआयला गेला, त्यामुळे हे दोन्ही रस्ते आमच्या घरात अगदी जवळून बघितलेत. आता निकाल लागले की ओळखीतले आईबाबा फोन करून विचारतात आमच्या लेकराला कुठे घालू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी कॉलेज. कागदावर सगळ्यात भक्कम हेच दिसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजात किमान ५ टक्के जागा राखीव, वयात ५ वर्षं सूट, शिवाय परीक्षेला गरज असेल तर लेखनिक आणि दर तासाला किमान २० मिनिटं जास्त. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे आणि तिथे बऱ्याच पोस्टला पदवी मागतातच. पण हे सगळं प्रवेशापुरतं आणि परीक्षेपुरतं झालं, मधलं वर्षभर वर्गात काय होतं ते कोणी सांगत नाही. भावाच्या वर्गात नव्वदएक मुलं, सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे, मग तो ओठ वाचणार कसे? साइन लँग्वेजचा दुभाषी मागितला तर ऑफिसात म्हणाले असं काही नसतं आपल्याकडे. वर्षभर तो मित्रांच्या वह्या उतरवत बसला. पोरगा हुशार होता, शिकवलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं, आणि हे आम्हाला कळायला अख्खं वर्ष गेलं याचं मला अजून वाईट वाटतं.

दृष्टिहीन मुलांचं मात्र वेगळं आहे. त्यांना मी कॉलेजच सांगेन, कारण लेक्चर ऐकून समजतं, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो, सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन वाचनालयावर त्यांना वाचता येतील अशी पुस्तकं आहेत, मुंबईत असाल तर दृष्टिहीनांसाठी काम करणारी वरळीची नॅब ही संस्था आणि झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र आहे.

आता आयटीआय. इथे सर मशीनवर हाताने करून दाखवतात, ते बघून करायचं, कर्णबधिर मुलाला यासारखं दुसरं काही नाही. भावाने फिटर घेतला, २ वर्षं. कोपा म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेड १ वर्षात होतो, व्हीलचेअरवरच्या मुलांना तो जास्त जमण्यासारखा आहे पण वर्ग वरच्या मजल्यावर असला तर काय उपयोग, ते आधी विचारा. कुठल्या ट्रेडला कुठलं अपंगत्व चालतं ते ठरलेलं असतं, फॉर्म भरायच्या आधी तेही बघून घ्या. नंतर अप्रेंटिसशिप, त्यात स्टायपेंड मिळतो. भावाने पहिला स्टायपेंड आईच्या हातात ठेवला तो दिवस मी विसरणार नाही. कमी काय, तर पुढे बढतीला पदवी आडवी येते. पण ती नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता होते, तो आता तेच करतोय. म्हणून माझं मत, कर्णबधिर मुलाला दुभाषी देणारं कॉलेज मिळत नसेल तर आधी आयटीआय, पदवी नंतर.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी हे दोन्ही बहुतेक वेळा लागू पडत नाही. विशेष शाळा १८ ला संपते आणि मग मूल घरी बसतं, ते होऊ देऊ नका. पुण्यात कामायनीसारख्या संस्थांची उद्योगकेंद्रं आहेत, अशा ठिकाणी मुलं रोज जातात, काम शिकतात, माणसांत राहतात. मिळकत थोडीच असते हे धरून चाला, पण तिथून बाहेरच्या नोकरीत आजवर किती मुलं गेली हे जरूर विचारा, मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आणि १८ पूर्ण झालं की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो.

कुठलाही रस्ता घ्या, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नववीतच काढून ठेवा. किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला नसेल तर वरचं आरक्षण मिळत नाही, आणि ऐन प्रवेशाच्या वेळी हॉस्पिटलच्या बोर्डाची तारीख मिळवणं फार जड जातं. फॉर्म भरायच्या आधी मुलाला घेऊन एकदा त्या कॉलेजात, आयटीआयत किंवा केंद्रात जाऊन या, ज्या बसने रोज जायचंय त्याच बसने, गेटपासून वर्गापर्यंत आणि टॉयलेटपर्यंत त्याला चालू द्या, आणि शिकवणाऱ्या सरांना त्याच्याशी पाच मिनिटं बोलायला सांगा, तुम्ही मध्ये न बोलता.