रंगाखालचा पत्रा स्वतः बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

जुनी गाडी घरी खोलून पुन्हा उभी करायचा ज्यांचा विचार आहे, आणि त्यातही फक्त रंगकाम बाहेर द्यायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी हे नीट वाचा. मी अगदी तसंच केलं होतं. ठरलेल्या रकमेतले नव्वद टक्के पैसे देऊन बसलो आणि आज तीच बॉडी पुन्हा उघड्या पत्र्यापर्यंत घासतोय.

गाडी काकांची, 1965 सालची फोक्सवॅगन बीटल. काका गेल्यावर काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि "विकू नकोस, चालव," एवढंच म्हणाल्या. ज्यांनी बीटल खोललीय त्यांना माहीत असेल, घरी काम करायला ही गाडी फार सोयीची. चारही मडगार्ड बोल्टवर असतात, वेल्ड केलेली नसतात. खालचे बोल्ट सोडवले की अख्खी बॉडी फ्लोअर पॅनवरून, म्हणजे गाडीच्या तळाच्या पत्र्यावरून, उचलता येते. इंजिन हवेवर थंड होणारं, त्यामुळे रेडिएटरची भानगडच नाही. मी एकेक नट-बोल्ट काढून छोट्या पिशव्यांत भरला, प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाकली, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. मागच्या सीटखाली उजवीकडे बॅटरी असते, तिथला पत्रा ॲसिडने खाऊन त्याची चाळण झाली होती. तो कापून नवा तुकडा माझ्या देखत वेल्ड करून घेतला. ते काम आजही खणखणीत आहे.

रंग मात्र घरी मारायचा नाही असं ठरवलं. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक होण्यासाठी त्यात मिसळतात त्या रसायनात, आयसोसायनेट असतात, त्याची वाफ आणि फवारा फुप्फुसात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. साधा फिल्टरचा मास्क त्याला पुरेसा धरत नाहीत, बाहेरून ताजी हवा पुरवणारा लागतो. तो निर्णय बरोबरच होता, आजही तेच म्हणेन.

ज्याला काम दिलं त्याला कामाची भाषा तोंडपाठ होती. सगळा जुना रंग काढून पत्रा उघडा करणार, गंजलेला भाग कापून नवा पत्रा घालणार, त्यावर इपॉक्सी प्रायमर, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) अगदी पातळ आणि गरजेपुरती, मग पृष्ठभाग गुळगुळीत करणारा सरफेसर, मग पीयूचे कोट. मी जे वाचून गेलो होतो तेच तो मला सांगत होता, त्यामुळे विश्वास बसला. पण पावतीवर त्याने लिहिलं फक्त "संपूर्ण गाडीचे रंगकाम". ते तीन शब्द पुढे मला फार महागात पडले, कारण गाडी वरून रंगलेली होती हे तर खरंच होतं.

बॉडीबरोबर त्याने दिवे, हँडल, क्रोमच्या पट्ट्या हे सगळं मागून घेतलं. "फिटिंग जुळवून बघावं लागतं." दारांच्या फटी सारख्या करायला दारं, बिजागऱ्या, लॉक लागतात हे खरं आहे. हेडलाइटची काच लागत नाही. हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, मी खोकं देऊन टाकलं.

त्यानंतर तीन महिने फोटो येत राहिले. उघडा, चांदीसारखा चमकणारा पत्रा, मग राखाडी प्रायमर. प्रत्येक फोटोमागे हप्त्याची मागणी आणि मी पैसे पाठवत गेलो. काकांनी पूर्वी कधीतरी डाव्या पुढच्या मडगार्डवर रेडिओचा एरियल बसवला होता, त्याचं भोक तिथे होतं. उघड्या पत्र्याच्या फोटोत ते भोक दिसत नव्हतं. मला वाटलं, वा, वेल्डने किती सफाईने बंद केलंय! फोटोतलं ते मडगार्ड माझ्या गाडीचं नव्हतंच, हे तेव्हा ध्यानीमनी नव्हतं. प्रत्यक्ष बघायला येतो म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं: आज रंग चालू आहे, धूळ आत यायला नको.

बॉडी घरी आली तेव्हा बघून डोळे भरून आले. फिकट निळा, अगदी मूळ छटेचा, आरशासारखा. मडगार्डांच्या आतल्या बाजूला आणि बॉडीच्या खाली जाड काळं अंडरकोटिंग, म्हणजे गंज धरू नये म्हणून देतात तो लेप, मारलेलं. "हे माझ्याकडून फुकट," असं तो म्हणाला होता. मी उरलेल्यातली बरीचशी रक्कम त्याच दिवशी दिली.

मग जोडणी सुरू केली. मडगार्ड आणि बॉडीच्या मध्ये रबरी बीडिंग बसतं, ते बोटांनी सरळ धरून सगळे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचं. डावीकडचा तिसरा बोल्ट आवळताना कट् असा बारीक आवाज आला. वायसरच्या कडेपासून केसासारखी भेग निघाली आणि बघता बघता वीतभर वर सरकली. पत्रा असा तडकत नाही. नखाने टोकरलं तर बिस्किटासारखा तुकडा सुटून आला. वर निळा रंग, खाली राखाडी पट्टा, मग पिवळट लांबी, माझ्या करंगळीच्या जाडीची, आणि तळाशी काकांच्या वेळचा जुना रंग, त्याच्या फुगलेल्या पापुद्र्याखाली लाल गंज. म्हणजे काहीच काढलं नव्हतं. जे होतं त्यावरच थापलं होतं.

त्या रात्री कापडाला साधं थिनर लावून दाराच्या आतल्या कडेवर, दिसणार नाही अशा जागी, अर्धा मिनिट घासलं. कापड निळं झालं. हार्डनर घातलेला पीयू रंग पुरता वाळला की थिनरने असा उतरत नाही. ताजा असेल तर तोही मऊ पडतो, पण माझा दोन महिन्यांचा होता. हा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग होता, स्वस्तातला, नुसता हवेवर वाळणारा. टाकीतून पेट्रोल सांडलं तरी याला डाग पडतो.

मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन सगळी बॉडी फिरलो. दारांच्या खालच्या अर्ध्यात ते धरतच नव्हतं, म्हणजे तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर होता. एका मित्राने रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. माझ्या मागच्या उजव्या बाजूला आकडा 2,000 च्या वर गेला, म्हणजे दोन मिलिमीटरहून जास्त, आणि काही ठिकाणी तर यंत्राने आकडाच दाखवला नाही.

सगळ्यात जास्त राग आला तो हीटर चॅनलचा. बीटलमध्ये दाराखालची ही पोकळ पेटी इंजिनाकडची गरम हवा पुढे नेते आणि बॉडीचा भारही पेलते. ती आतून गंजते, बाहेरून कळत नाही. ती बदलायचे त्याने वेगळे पैसे घेतले होते. काळं अंडरकोटिंग खरवडून मी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि हलकेच दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. आत तारेची जाळी आणि फायबरचा लेप होता. रंग खराब निघाला असता तर मी गिळलं असतं. पण या गाडीत मी माझ्या मुलीला बसवणार होतो, आणि धडक बसली असती तर त्या जागी लोखंड नव्हतंच.

खोकं उघडून फोटोंशी ताडून बघितलं. हेडलाइटच्या मूळ काचांवर बनवणाऱ्याची खूण होती, परत आलेल्या काचा कोऱ्या. दारांची हँडल नवी, हलकी, नकली क्रोमची. म्हणूनच सांगतो, सुटे भाग द्यायचेच असतील तर प्रत्येकाचा खुणेसकट फोटो काढा आणि यादीवर सही घ्या. माझ्याकडे फोटो होते, सही नव्हती. तो म्हणाला, "तुम्ही दिलं तेच परत दिलंय." गंजाबद्दल म्हणाला, "साठ वर्षांचं लोखंड आहे, गंजणारच." आठवड्याभराने फोन उचलणं बंद झालं.

दुसऱ्या कारागिराशी मी आता वेगळ्या अटी ठरवल्या आहेत. पत्रा उघडा झाला की मी जाऊन हात लावून बघणार, त्याशिवाय प्रायमर मारायचा नाही आणि पुढचा हप्ता मिळणार नाही. कापलेला गंजका पत्रा मला परत द्यायचा. प्रत्येक थराचं नाव पावतीवर, हार्डनर कोणता तेही. फोटो काढायचा तर माझ्या हाताने लिहिलेली तारखेची चिठ्ठी पत्र्यावर चिकटवून. अंडरकोटिंग सगळ्यात शेवटी, माझ्यासमोर. यातल्या एकाही अटीला त्याने नाही म्हटलं नाही. पहिल्याला मी नुसतं "मधे येऊन बघू का" विचारलं होतं तेव्हाच त्याचा चेहरा बदलला होता, आणि मी त्याला वाईट वाटू नये म्हणून विषय सोडून दिला होता.

काल डावं पुढचं मडगार्ड मीच घासून उघडं केलं. एरियलचं भोक सापडलं. वर लांबी, खाली काळा लेप आणि मधे वर्तमानपत्राचा बोळा, अजून अक्षरं वाचता येतील असा. ते भोक आता वेल्डने कायमचं बंद करू का, असं काकूंना विचारलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नको, राहू दे. एरियल लाव. त्यांना गाडीत गाणी लागायची."