नऊ स्केलची चेंजर पेटी आणि कोकणची हवा: मृगापासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या) किंवा वाडीतल्या भजनी मंडळासाठी पेटी, म्हणजे हार्मोनियम, घ्यायची असेल आणि गाव खाडीला लागून असेल, तर स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्यांची चौकट सरकवून सूर बदलता येणारी पेटी, घेऊ नका. पेटी वाईट आहे म्हणून नव्हे, आवाजाला ती खणखणीत आहे. पण चेंजर ज्या कामासाठी असतो ते काम भजनात फारसं पडत नाही, आणि त्या न लागणाऱ्या सोयीचं भाडं पावसाळा पुरेपूर वसूल करतो.

पेटी अशी: साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या (२५ पांढऱ्या, १७ काळ्या), नर-खर्ज दुहेरी रीड (रीड म्हणजे हवेने थरथरणारी धातूची जीभ; नर मधल्या सुराचे, खर्ज एक सप्तक खालचे), कपलर, नऊ स्केल, खोकं सागवानी, रीड गुजरातेतल्या पालिताण्याचे, ट्युनिंग ४४० हर्ट्झला. वजन डब्यासकट पंधरा किलोच्या पुढे. मे महिन्यात मंडळात आली, पावसातला सप्ताह, गणपतीतली घरोघरची भजनं, दिवाळीनंतरच्या जत्रा आणि शिमगा असं सगळं तिच्यावर झालं. गाव देवगड तालुक्यातलं, म्हणजे दमट हवा आणि खारा वारा दोन्ही पदरात.

आवाजाबद्दल तक्रार नाही. खर्जाचे रीड हलक्या भात्यावरही लगेच बोलतात, आणि ही गोष्ट घेताना तपासायलाच हवी. स्वस्तातल्या पेटीत खालच्या सप्तकातला सा दाबला की आधी नुसती हवा फुसफुसते आणि मग सूर येतो. संथ अभंगात ते खपून जातं, पण गौळणीत किंवा गजरात बोटं पळायला लागली की खालचे सूर गायबच होतात. त्याचं कारण बहुतेक वेळा रीडच्या जिभेत असतं. जीभ चौकटीच्या वर अगदी किंचित उचललेली असावी लागते. फार उचलली तर हवा वाया जाऊन सूर उशिरा लागतो, आणि चौकटीला टेकली तर भाता जोरात मारल्यावर सूर गुदमरतो. या पेटीत ती उचल नीट राखलेली आहे. पखवाजाच्या धुमेला (डाव्या तोंडाला) ओली कणीक लावल्यावर जो घुमारा येतो, त्याच्याखाली खर्ज दबत नाही. झांज सुरू झाली तरी नर रीड वर तरंगत राहतात. माइक पेटीच्या मागच्या बाजूला, वीतभर लांब आणि जरा वरून ठेवावा. खोक्याला चिकटवायचा पिकअप या पेटीला लावू नये, पट्ट्यांची खडखड सुरापेक्षा मोठी ऐकू येते.

कपलर हे दुधारी प्रकरण आहे. एक पट्टी दाबली की सप्तकाच्या अंतरावरची जोडपट्टीही खाली जाते, आवाज भरदार होतो, कोरसला धरायला सोपं जातं. पण हवाही जवळपास दुप्पट जाते. विलंबित अभंगात डाव्या हाताला ते जाणवत नाही. गजर चढला की मात्र भात्याचा हात लयीबरोबर धापा टाकायला लागतो आणि सुरात हेलकावे येतात. रूपावली (देवाच्या रूपवर्णनाची रचना) आणि अभंग कपलरवर, गौळण आणि गजर कपलर काढून, अशी वाटणी आमच्याकडे रुळली आहे.

आता चेंजरकडे येऊ. त्यात पट्ट्यांची अख्खी चौकट डावी-उजवीकडे सरकते, एका खाचेला एक अर्धस्वर. बोटं काळी एकचीच (पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) ठेवून काळी दोनमध्ये किंवा पांढरी एकमध्ये वाजवता येतं. शिकवणीच्या वर्गाला हे वरदान आहे. नाट्यगीतांच्या कार्यक्रमात एकापाठोपाठ बाई आणि बुवा गाणार असतील तर साथीदाराचा जीव वाचतो. पण डबलबारीत काय होतं? बुवा स्वतः पेटीवर बसतो, त्याची बोटं वर्षानुवर्षं स्वतःच्या पट्टीत मुरलेली असतात, आणि पखवाज त्याच पट्टीला चढवलेला असतो. बारी रंगात असताना स्केल बदलायचं म्हणजे पखवाजाचे गट्टे (सूर चढवायचे लाकडी ठोकळे) ठोकत बसायला हवं, ते कोण करणार? समोरचा बुवा स्वतःची पेटी आणि स्वतःचा पखवाज घेऊन येतो. त्यामुळे आमची चौकट बहुतेक काळ मधल्या खाचेतच बसून आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा ट्युनिंगचा, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. चेंजर पेटी समान अंतराच्या स्वरांतच लावावी लागते. रीड जागच्या जागी राहतात आणि वरची चौकट सरकते, त्यामुळे आज जो रीड गांधार आहे तोच उद्या मध्यम होणार. एका सा ला धरून मिळते स्वर लावले तर बाकीची आठ स्केलं बेसूर. काळी एकचा सा २७७.२ हर्ट्झ धरला तर तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गांधार ३४६.५ ला येतो. समान अंतराच्या पेटीत तो ३४९.२ असतो. जवळजवळ पावणेतीन हर्ट्झचा हा फरक ॲपवरचा तानपुरा लावून गांधार धरला की लहरीसारखा स्पष्ट ऐकू येतो. साध्या पेटीत बुवाची पट्टी कायम असल्याने कारागिराकडून गांधार, धैवत, निषाद त्या पट्टीला उतरवून घेता येतात, आणि अभंग एकदम गोड लागतो. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, त्यामागच्या आक्षेपांत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही याबरोबर या ठरीव स्वरांचाही आक्षेप होता. बंदी जरा अतीच होती असं माझं मत, पण आक्षेप खोटा नव्हता.

तर पाऊस. साध्या पेटीत पट्टी म्हणजे एक सलग दांडी असते: पुढून दाबली की मागचं टोक उचलतं आणि झडप उघडते. चेंजरमध्ये पट्टी वेगळी, झडप वेगळी, आणि त्यांच्यामध्ये सांधा. म्हणजे प्रत्येक स्वरामागे अडकायला एक जागा जास्त, आणि वर चौकट सरकण्याच्या खाचा. लाकूड ओल धरतं ते आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पट्टीची रुंदी वाढते आणि ती शेजारणीला किंवा खिळ्याला घासू लागते.

बिघाड एका ठरावीक क्रमाने आले. मृग लागून आठवडा-दोन आठवडे झाले की चौकट सरकायला जड. आषाढात ती खाचेत पूर्ण बसेना, आणि तेव्हा एक पट्टी दाबल्यावर शेजारच्या झडपेलाही धक्का लागून दोन स्वर एकदम वाजू लागले. ऐकणाऱ्याला वाटतं रीड बिघडला, पण रीडचा काही दोष नसतो. श्रावणात कपलरचे दांडे फुगले आणि दाबलेली पट्टी वर येईना. भजनाच्या मध्ये असं झालं तर आधी कपलर बंद करा, निम्म्या वेळा पट्टी लगेच सुटते. आणि पट्टी दाबलेली असताना चौकट कधीही सरकवू नका, झडपेचे सांधे वाकतात.

यावर घाईघाईने सँडपेपर घेऊन बसू नये. पावसात जेवढं लाकूड घासाल तेवढी फट हिवाळ्यात पडते आणि पट्ट्या दातांसारख्या वाजतात. आधी पेटी सुकवा. चार-पाच दिवस कोरड्या जागी ठेवूनही जी पट्टी अडते तेवढीच हाताळायची. वरचं झाकण काढा, मोबाइलवर फोटो घ्या, पट्ट्यांना पेन्सिलने एक ते बेचाळीस आकडे घाला. अडणाऱ्या पट्टीच्या बाजूला एक गुळगुळीत चमकणारा डाग दिसतो, घासते ती जागा तीच. आइस्क्रीमच्या काडीवर ३२० नंबरचा कागद गुंडाळून तिथेच दोन-तीन हात फिरवा, बसवून बघा, गरज पडली तर पुन्हा. मग त्या जागी ६बी पेन्सिल घासायची. ग्राफाइटवर लाकूड सरकतं आणि धूळ चिकटत नाही. चौकटीच्या खाचांना मेणबत्ती. आपल्याकडे हात लगेच खोबरेलाच्या बाटलीकडे जातो, तो आवरा. तेल लाकडात मुरतं, वर धुळीचा चिखल होतो आणि पुढच्या पावसात तीच खाच दुप्पट जड होते.

पट्टी न दाबताच सूर वाजत राहिला तर झडप पूर्ण बसत नाही असं समजा: खाली कचरा, मऊ पडलेली स्प्रिंग, नाहीतर फुगलेला सांधा. आणि भाता पटकन खाली होत असेल तर गळती कुठे आहे ते न उघडताही कळतं. सगळे खटके (रीडच्या कप्प्यांना हवा सोडणाऱ्या पुढच्या मुठी) बंद करून भाता भरा. बंद खटक्यांवर भाता दहा-पंधरा सेकंद ताठ राहायला हवा. नाही राहिला तर गळती भात्यात किंवा हवापेटीत. राहिला, पण खटके उघडल्यावर पट्टी न दाबता उतरला, तर झडपांच्या चामड्यातून हवा जाते. एकेक खटका वेगळा उघडून बघितलं की कोणत्या कप्प्यात ते ठरतं. कारागिराला फोनवर एवढं सांगितलं तर तो येताना योग्य सामान घेऊन येतो.

चामड्यावर पांढरी बुरशी येतेच. कोरड्या मऊ ब्रशने, पेटी उलटी न करता झटकायची, पाण्याचा थेंब नको. सर्जिकल स्पिरिट आत चामड्याला कापडावर घेऊन चालतं, बाहेरच्या पॉलिशला बोट लागलं तरी डाग पडतो, कारण चपडा पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळतं. रीडवर हिरवट थर धरायला लागला तर फक्त मऊ ब्रश. रीडला कागद किंवा चाकू लावणाऱ्याच्या हातात पेटी देऊ नका. जिभेच्या टोकाचं धातू गेलं तर सूर चढतो, मुळाकडचं गेलं तर उतरतो, आणि गेलेलं धातू परत येत नाही. लोखंडी स्क्रू पहिल्या पावसातच तांबडे झाले, ते पितळी घालून घेतले. हे नवीन पेटी घेतानाच मागावं, खर्च किरकोळ असतो.

साठवणीचं म्हणाल तर पेटी मातीच्या किंवा कोब्याच्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नये. चुलीवरचा माळा कोरडा असतो म्हणून तिकडे ठेवायची जुनी चाल आहे, पण धुराची काजळी रीडच्या टोकावर बसते आणि सूर उतरतो. आम्ही लाकडी कपाटात खालच्या फळीवर २५ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब आणि त्याच्यावर हातभर अंतराने पेटी असं ठेवलं. एलईडी बल्ब कामाचा नाही, त्याला ऊब नसते. आत एक छोटा आर्द्रतामापक टाकला, काटा ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास राहिला की पुरे. वीज गेली की सगळं फुकट, म्हणून जोडीला पेटीच्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात अर्धा किलो सिलिका जेल कापडी पुरचुंड्यांमध्ये. नारिंगी दाणे घ्या, ओल पिऊन हिरवट झाले की मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. निळे टाळा, त्यांत कोबाल्ट असतं. डबा घट्ट नसेल तर जेल गावची हवा सुकवत बसतं. वाळवी आणि कसरीसाठी वेखंडाचे तुकडे.

नवरात्रानंतरची दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबरच्या उन्हात फुगलेली पेटी एकदम सुकली तर सांध्याला चीर पडते. बल्ब टप्प्याटप्प्याने बंद करा, आणि जत्रेला जाताना टेम्पोच्या हौद्यात उन्हात ठेवू नका. वजनाचंही आलंच: गणपतीत घाटीवरून घाटीवर (चढणीच्या पायवाटांनी) रात्री पायी जायचं असतं तेव्हा पंधरा किलो म्हणजे दोन माणसं नुसती पेटीला लागतात, आणि तीच दोन माणसं कोरसला लागणारी असतात. साधी पेटी एकटा खांद्यावर मारतो.

मग घ्यावी कोणी? वर्ग चालवणाऱ्यांनी, नाट्यसंगीताच्या साथीदारांनी, आणि ज्यांच्याकडे पेटी एका घरात, एका कपाटात राहते त्यांनी जरूर घ्यावी, पैसे वाया जाणार नाहीत. दशावताराच्या कंपन्यांनी आणि फिरत्या मंडळांनी साधी, नर-खर्ज, सागवानी, कपलर हवा तर तोही काढता-घालता येणारा, अशी मागवावी आणि वाचलेल्या पैशांत बुवाच्या पट्टीला ट्युनिंग करून घ्यावं.

चेंजर आधीच घरात असेल तर एक करा: मृगापूर्वी चौकट आपल्या बुवाच्या खाचेत बसवून ठेवा आणि दसऱ्यापर्यंत तिला हात लावू नका. कारागीर मे महिन्यातच गाठा. गणपतीच्या पंधरा दिवस आधी जिल्ह्यातली निम्मी मंडळं त्याच्या दारात असतात आणि घाईत घासलेली पट्टी शिमग्याला खडखडते.