थांबू का घेऊन टाकू? ॲल्युमिनियमची हवा आणि आपल्या पांदणीतला पिकअप

माझ्या साळ्याचा दर रविवारी फोन येते. वरुडकडं संत्र्याचा बगीचा, घरी दोन लेकरं, बजेट तिसेक लाखाचं, आणि प्रश्न एकच, "भाऊजी, थांबू का घेऊन टाकू? नेटवर वाचलं का आता सगळे पिकअप ॲल्युमिनियमचे येऊन राह्यले." दर वेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो, त्याच्यासारखे अजून असतील.

आधी ॲल्युमिनियमचं बघू, कारण अर्धा गोंधळ तिथंच आहे. ही हवा अमेरिकेतून आली. फोर्डनं 2015 च्या एफ-150 पिकअपची बॉडी आणि हौदा ॲल्युमिनियमचा केला आणि कंपनीच्या सांगण्यानुसार वजन 700 पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वातीन क्विंटलच्या जवळपास कमी झालं. पण खालची चासी लोखंडाचीच ठेवली, हे सांगायला लोकं विसरतात. त्याच्याही आधी, 1948 साली लँड रोव्हरनं ॲल्युमिनियमचे पत्रे लावले होते, तेही काही शौक म्हणून नाही, महायुद्धानंतर इंग्लंडात पोलादच मिळत नव्हतं म्हणून. मग शेवरलेचा सिल्वराडो पण पूर्ण ॲल्युमिनियमचा होणार अशी आवई उठली. 2019 चं मॉडेल आलं तेव्हा दरवाजे, बोनेट आणि फाळका ॲल्युमिनियमचा, हौदा मात्र पोलादाचाच. अफवेतलं अर्धं खरं निघते आणि नेमकं आपल्या कामाचं अर्धं खोटं निघते.

आता आपल्याकडचा हिशोब. आपल्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्याले जर्मनचं म्हणतात, आणि जर्मनच्या गंजाला, म्हणजे पातेल्याले, गंज येत नाही हे प्रत्येक आजीले माहीत आहे. वजन पोलादाच्या एक तृतीयांश, लाल गंज नाही, ऐकायला एकदम मस्त. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच, म्हणून पत्रा जाड घ्यावा लागते. आणि लोखंडाला चिकटून राहिला, मध्ये खारं पाणी गेलं, का दोन धातूंचा सेल तयार होते आणि खाल्ला जाते तो ॲल्युमिनियमच. आपल्या हौद्यात खारं पाणी कुठून येणार म्हणता? पोटॅशच्या फाटक्या पोत्यातून. पोटॅश म्हणजे क्लोराईडच आहे, मिठाचा भाऊ, ते ॲल्युमिनियमला बारीक बारीक खड्डे पाडते.

पोलादही काही साधू नाही बरं. माझ्या जुन्या पिकअपच्या फाळक्याची खालची घडी पार सडली, का तर हौद्याच्या कोपऱ्यातलं पाणी निघायचं भोक सोयाबीनच्या भुशानं आणि खतानं बंद झालं होतं आणि दोन पावसाळे मी त्यात काडी घालायचाही आळस केला. बोट दाबलं तर पापड मोडावा तसा पत्रा मोडला. पण ते मोर्शीच्या एका डेंटिंगवाल्यानं एका दुपारी कापून, नवी पट्टी वेल्ड करून, पुट्टी मारून दिलं आणि संध्याकाळी मी त्याच गाडीत कॅरेट भरून निघालो.

त्याच मिस्त्रीले मी विचारलं का हाच पत्रा ॲल्युमिनियमचा असता तर? तो हसला. लोखंड तापवलं का लाल होते, रंग बघून हात आवरता येते. ॲल्युमिनियम 660 डिग्रीले वितळते आणि तोवर लालच होत नाही, बघता बघता एकदम भोक. शिवाय पोचा काढायला गेलं तर पत्रा कडक होत जाते, चिरतो, हत्यारं वेगळी लागतात, लोखंडाचा भुसा लागून चालत नाही म्हणून जागाही वेगळी. एफ-150 मध्ये तर जोड वेल्डिंगपेक्षा रिव्हेट आणि गोंदाचे जास्त. नागपूरजवळ वाडीला ॲल्युमिनियमचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, एफ-150 ला पत्रा देणारी नोव्हेलिस तर 2007 पासून आपल्या हिंडाल्कोच्याच मालकीची आहे, पण म्हणून आपल्या तालुक्यात कोणी तुमचा दरवाजा ठोकून देणार नाही.

तर आता समोर काय आहे ते. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स, दोन्हींच्या चासी आणि बॉडी पोलादाच्याच, म्हणून धातूवरून भांडायचं कारणच नाही. व्ही-क्रॉसमध्ये 1.9 लिटरचं डिझेल, ताकद 163 पीएस, ओढ (टॉर्क) 360 एनएम. हायलक्समध्ये फॉर्च्युनरचंच 2.8 लिटरचं, 204 पीएस, मॅन्युअलला 420 आणि ऑटोमॅटिकला 500 एनएम. कागदावर हायलक्स सरळ पुढं आहे आणि पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या पांदणीत तिचा मागचा डिफ लॉक कामाचाच, दोन्ही चाकं सारखी फिरतात, नाहीतर एक चाक हवेत भुर्र करते आणि दुसरं ढिम्म. नाल्याच्या पाण्यातही 700 मिमीपर्यंत चालते म्हणतात, पण रपट्यावर लाल पाणी वाहून राह्यलं असलं तर कोणत्याच गाडीचा आकडा मनात धरू नका.

तरी मी साळ्याले व्ही-क्रॉस सांगून राह्यलो, कारण हायलक्स महाग आहे आणि त्याचं रोजचं काम वावर ते घर आणि महिन्यातून दोनदा नागपूर. समृद्धीवरून सारखं मुंबईकडं जाणं असतं तर हायलक्सचं ऑटोमॅटिकच म्हटलं असतं. हायलक्सच्या बाजूनं एक मोठी गोष्ट, इंजिन फॉर्च्युनरचं असल्यानं सर्व्हिसचं टेन्शन कमी. इसुझूचं सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून किती किलोमीटर आहे ते आधी मोजा, आणि जास्त निघालं तर माझं वरचं मत खुशाल फेकून द्या.

आणि खरंच माल वाहायचा असेल, टनभर, रोज, तर या दोन्ही नाही, गुपचूप बोलेरो कॅम्पर घ्या. पिवळी पाटी लागते, आतून साधी आहे, पाहुण्यात मिरवता येत नाही, पण कोणत्याही गावचा मिस्त्री झाडाखाली उघडते. कोणतीही घ्या, आरसीवर भार किती लिहिला ते वाचून घ्या, हौदा मोठा दिसते म्हणून संत्रा रचू नका.

राहिलं थांबायचं. नवी हायलक्स नोव्हेंबर 2025 मध्ये बाहेर दाखवली, स्टिअरिंग इलेक्ट्रिक झालं, एक पूर्ण बॅटरीवरचीही आहे, पण खाली तीच शिडीवाली चासी. आपल्याकडं येण्याच्या तारखा दर आठवड्याला नव्या निघतात. महिंद्रानं स्कॉर्पिओ-एनवरचा पिकअप 15 ऑगस्ट 2023 ला केप टाऊनमध्ये दाखवला तेव्हापासून साळा "पुढच्या दिवाळीले येते" म्हणून राह्यला, तेवढ्यात त्याचे दोन बहार निघून गेले आणि भाड्याच्या गाडीचे पैसे गेले ते वेगळेच. व्ही-क्रॉसचं तर बाहेर 2019 लाच पुढचं मॉडेल आलं, आपल्याकडं अजून जुनंच विकून राह्यले. येत्या हंगामात गाडी लागणार असेल तर थांबू नका, जुनी अजून दोन वर्षं ओढत असेल तर महिंद्रासाठी थांबण्यात मजा आहे, पार्ट्स तरी गल्लीत मिळतील.

परवा त्याले एकच काम सांगितलं, टेप घेऊन गोठ्याशेजारचं टिनाचं शेड मोज. मोजलं तर सतरा फूट. व्ही-क्रॉस काय आणि हायलक्स काय, दोन्ही साडेसतराच्या आसपास. आता तो ॲल्युमिनियम विसरला आणि शेड वाढवायचं कोटेशन घेऊन राह्यला.