तापातली स्वप्ने आणि लाल दिव्यांचा मास्क

आपण स्वप्न पाहत आहोत हे स्वप्नातच कळावे, यासाठी डोळ्यांवर बांधायचे जे मास्क मिळतात, त्यांची परीक्षणे बहुधा निरोगी माणसाने निरोगी रात्रींच्या अनुभवावरून लिहिलेली असतात. सात महिन्यांच्या वापरानंतर मीही तसेच लिहायला बसलो होतो, पण त्याच आठवड्यात फ्लूने अंथरूण धरायला लावले आणि नऊ रात्री मास्क तोच, झोपणारा मात्र वेगळाच, असा प्रयोग आपोआप घडला. पहिला मसुदा मी बाजूला ठेवला. या प्रकारचे मास्क अनेक उत्पादक बनवतात आणि माझ्या तक्रारी त्या साऱ्यांनाच कमी-अधिक लागू पडतील, म्हणून नाव देत नाही.

मास्कची रचना साधी आहे. आतल्या बाजूला एक इन्फ्रारेड संवेदक पापणीखाली होणारी बुबुळांची हालचाल टिपतो, आणि ही आरईएम झोप, म्हणजे डोळे झपाझप हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात तो झोपेचा टप्पा, आहे असे त्याला वाटले की दोन छोटे लाल दिवे काही सेकंद उघडझाप करतात. लाल रंग निवडण्याचे कारण म्हणजे मिटलेल्या पापणीतून तोच सर्वाधिक आत जातो. यामागची कल्पना जुनी आणि भक्कम आहे. 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी, आपण स्वप्नात आहोत हे कळल्याची खूण म्हणून झोपलेल्या माणसाने ठरवून केलेल्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या, त्यानंतर काही वर्षांतच स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी तेच स्वतंत्रपणे सिद्ध केले, आणि पुढे त्यांनीच दिव्यांचा संकेत देणारी उपकरणे तयार केली. आजचे मास्क त्या उपकरणांचेच वंशज म्हणायचे. दिवा माणसाला जागे करत नाही. तो स्वप्नात कुठल्या तरी रूपाने शिरतो, आणि त्याला ओळखण्याचे काम झोपणाऱ्यानेच करायचे असते.

प्रकृती ठीक असताना हे काम मला बऱ्यापैकी जमत होते. दिवे कधी पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट होऊन येत, कधी लिफ्टचे बटण होऊन, आणि आठवड्यातून एखाद्या वेळी तरी मी नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहत असे. जागेपणी असा श्वास घेता येत नाही, स्वप्नात येतो. सजग स्वप्ने, म्हणजे स्वप्न आहे हे कळत असताना पडणारी स्वप्ने, पाहणाऱ्यांची ही एक भरवशाची तपासणी आहे.

तापाच्या पहिल्या चार रात्री मास्कने आजवर कधीच दिले नव्हते इतके संकेत दिले, आणि हाती काहीही लागले नाही. सकाळी संकेतांची संख्या पाहून मी आधी चक्रावलो, मग उलगडा झाला. तापलेला माणूस सतत कूस बदलतो, घामाने मास्क सरकतो, अर्धवट जागेपणी डोळे भिरभिरतात, आणि संवेदक या साऱ्याला स्वप्न समजतो. प्रत्यक्षात तेव्हा आरईएम झोप वाढलेली नसते, उलट घटलेली असते. संसर्गाशी लढताना शरीर इंटरल्युकिन-1 सारखे जे पदार्थ सोडते, ते गाढ झोपेला बळ देतात आणि आरईएमला मागे सारतात. याचा एक हिशेबही मांडता येतो. आरईएम झोपेत शरीराचे तापमान राखण्याची यंत्रणा जवळजवळ सुट्टीवर असते, थंडी वाजून कापणे थांबते, आणि ताप तर त्या कापण्यावरच चढवला जातो. शरीराला ताप हवा असेल तर स्वप्ने थोडी थांबलेली त्याला चालतात. माहितीपुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही.

मग तापात स्वप्ने इतकी दाट का वाटतात, असा प्रश्न रास्त आहे. झोप वरचेवर मोडते आणि मोडल्यावर ताजे स्वप्न आठवते, हे एक कारण मला पटते. स्वप्नसंशोधक मिखाएल श्रेडल आणि डॅनिएल एर्लाखर यांनी 2020 मध्ये ताप आलेल्यांच्या स्वप्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ही स्वप्ने एरवीपेक्षा अधिक विचित्र, अधिक नकोशी आणि आजारपणाच्या व उष्णतेच्या उल्लेखांनी भरलेली आढळली. विचित्रपणा हीच जर स्वप्न ओळखण्याची खूण, तर तापातला माणूस सहज सजग व्हायला हवा. तसे होत नाही, कारण विचित्र दिसणे ही अर्धीच अट झाली. ते विचित्र आहे असे म्हणणारा कोणी तरी आत शाबूत असावा लागतो, आणि तापात पहिला बळी त्याचाच जातो. तिसऱ्या रात्री मला दिवे दिसले, ते मास्कचेच आहेत हेही कळले, पण ते मोजण्याचे काम माझ्यावर सोपवले आहे आणि मोजणी चुकली तर ताप उतरणार नाही, अशी माझी खात्री झाली. पहाटेपर्यंत मी मोजत होतो. नाकाला हात लावण्याचा विचारही मनात आला नाही.

झोपण्यापूर्वी ‘पुढच्या स्वप्नात मला हे स्वप्न आहे असे आठवेल’ हा संकल्प करण्याची जी पद्धत लाबर्ज यांनी रूढ केली, तिचीही त्या दिवसांत हीच गत झाली. हा संकल्प म्हणजे वेळेवर औषध घेण्याची आठवण ठेवण्यासारखीच एक आठवण, आणि मी तर जागेपणी औषधाची वेळही विसरत होतो.

औषधांचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. सर्दीवरच्या ज्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, त्यांतली अनेक अ‍ॅलर्जीविरोधी द्रव्ये मेंदूतल्या असिटिलकोलिनचे काम अडवतात, आणि आरईएम झोप बऱ्याच अंशी त्याच रसायनावर चालते. याची दुसरी बाजू 2018 मधल्या एका प्रयोगात दिसली. हे रसायन टिकवून धरणारे गॅलँटामिन हे स्मृतिभ्रंशावरचे औषध 121 जणांना देऊन पाहिले, तेव्हा निष्क्रिय गोळीच्या रात्री 14 टक्के, चार मिलिग्रॅमच्या रात्री 27 टक्के आणि आठ मिलिग्रॅमच्या रात्री 42 टक्के लोकांना सजग स्वप्न पडले. म्हणजे गुंगीची गोळी घेऊन मास्क लावणे हे गाडीचा ब्रेक दाबून अ‍ॅक्सिलरेटर देण्यासारखे आहे. यावर उपाय मास्क काढून ठेवणे हा आहे, गोळी टाळणे नव्हे, आणि आजारपणात गॅलँटामिन आणून पाहणे तर मुळीच नव्हे.

सहाव्या रात्री ताप उतरला होता आणि खोकला उरला होता. मास्कचे एक बटण मी सात महिन्यांत क्वचितच वापरले होते, ते त्या रात्री कामी आले. ते दाबले की संकेत वीस मिनिटे थांबतात. पहाटे खोकल्याने जाग आली, मी पाणी प्यायलो, अर्धा तास बसून राहिलो आणि बटण दाबून पुन्हा आडवा झालो. पाच-सहा तासांच्या झोपेनंतर उठून थोडे जागे राहायचे आणि परत झोपायचे, ही सजग स्वप्नांची नावाजलेली युक्ती आहे. एरवी तिच्यासाठी गजर लावावा लागतो, इथे खोकल्याने फुकट उठवले. स्वप्नात एका लांब व्हरांड्यात दिवे लुकलुकले, आणि माझ्या लक्षात आले की आपले नाक मोकळे आहे. पाच दिवस जे नाक बंद होते, ते मोकळे! चिमटीत धरायचीही गरज पडली नाही. स्वप्न मिनिटभरच टिकले, पण आजारपणातली ती एकमेव सजग घटका होती.

खरी कमाई पुढच्या आठवड्यात झाली. दबलेली आरईएम झोप संधी मिळताच भरपाई करते, आणि बरे होताना तिला संधी मिळते. ताप गेल्यावरच्या सात रात्रींत मला तीन सजग स्वप्ने पडली, त्यांतली दोन मास्कच्या संकेतावर, आणि दोन्ही एरवीपेक्षा लांब आणि स्थिर होती. श्रेय मास्कचे किती आणि शरीराचे किती, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरवता येणार नाही. माझा कल शरीराकडे आहे.

वस्तू म्हणून मास्कमध्ये दोन दोष आजारपणानेच उघडे पाडले. आतला फोम घाम शोषतो आणि वेगळा काढून धुता येत नाही, आणि नाकाच्या दोन्ही अंगांना येणारा दाब एरवी जाणवतही नाही, पण सायनस भरलेले असताना तो असह्य होतो. डोके दुखत असेल आणि उजेड सोसवत नसेल, तर दिव्यांची सर्वांत मंद पातळीही जास्तच आहे. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने ज्यांना आकडी येऊ शकते त्यांनी हा मास्क वापरू नये, ही सूचना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. ती खोक्यावर हवी होती.

निरोगी रात्रींसाठी मी त्याला पाचपैकी साडेतीन गुण देतो, तापाच्या रात्रींसाठी शून्य, आणि बरे होतानाच्या आठवड्यासाठी चार. आता फोमवर मी सुती कापडाची एक पातळ खोळ शिवून घेतली आहे. तिच्यामुळे संवेदक पापणीपासून किंचित दूर जातो, म्हणून त्याची संवेदनशीलता एका पायरीने वाढवावी लागते.